सेरेंगेटीची तयारी: महिना ठरवण्यापासून बॅग भरण्यापर्यंत

टांझानियातल्या सेरेंगेटीला जायचं म्हटलं की खर्च किती आणि दिवस किती, हे दोन प्रश्न आधी येतात. आम्ही आखणीला बसतो तेव्हा दोन्ही बाजूला ठेवतो आणि महिन्यापासून सुरुवात करतो. महिना ठरला की उद्यानाच्या कोणत्या भागात राहायचं ते ठरतं, त्यावरून विमानाने जायचं की गाडीने ते ठरतं, आणि खर्च आपोआप समोर येतो. उलट्या क्रमाने गेलं की हॉटेल उत्तम मिळतं, पण ज्या प्राण्यांसाठी जायचं त्यांचा कळप तिथून दोनशे किलोमीटरवर असतो.

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. दक्षिणेच्या न्डुटूपासून उत्तरेच्या कोगाटेंडेपर्यंत गाडीने जायला जवळपास अख्खा दिवस जातो. त्यामुळे ‘सेरेंगेटीत तीन रात्री’ एवढंच कोटेशनमध्ये लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. कोणत्या भागात, हे लेखी मागून घ्यावं.

कळपांचं गणित पावसाचं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा पाऊस पडला की लाखो विल्डबीस्ट (गायीएवढी मोठी हरणं) आणि झेब्रे दक्षिणेच्या उघड्या माळरानावर उतरतात. इथली माती ज्वालामुखीच्या राखेची. तिच्यावरच्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून दूध पाजणाऱ्या माद्यांना हीच जागा लागते. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत न्डुटूच्या आसपास पिल्लं जन्माला येतात, आणि त्यातली बहुतेक दोन-तीन आठवड्यांतच. इतकी पिल्लं एकदम आली की शिकारी प्राण्यांना त्यातली थोडीच मारता येतात, बाकीची वाचतात. चित्ता बघायचा असेल तर हा काळ आणि हा भाग यांना तोड नाही, कारण माळ उघडा आणि नजर लांबवर जाते.

मार्च ते मे मोठा पाऊस. काळ्या चिकणमातीत गाड्या रुततात, काही कॅम्प बंद असतात, पण दर उतरलेले असतात आणि गर्दी नसते. ज्यांना वेळापत्रकाची घाई नाही त्यांनी मेचा उत्तरार्ध जरूर विचारात घ्यावा. मे-जूनमध्ये कळप पश्चिमेकडे ग्रुमेटी नदीकडे सरकतात. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत ते उत्तरेला मारा नदीच्या दोन्ही काठांवर असतात आणि तेव्हा नदी ओलांडण्याचं ते प्रसिद्ध दृश्य दिसू शकतं.

‘दिसू शकतं’ हे शब्द जपून वापरले आहेत. नदी ओलांडण्याला वेळापत्रक नसतं. हजारो प्राणी काठावर येतात, तीन तास उभे राहतात आणि मागे फिरतात. पलीकडे गेलेले कळप चार दिवसांनी परतही येतात. म्हणून या दृश्यासाठी जायचं तर कोगाटेंडेच्या बाजूला सलग तीन रात्री हव्यात, चार असतील तर फारच चांगलं. एका रात्रीसाठी उत्तरेला जाणं म्हणजे दोन दिवस प्रवासात घालवून नदीवर एक संध्याकाळ मिळवणं. गाड्यांनी काठापासून मागे थांबायचं असतं आणि पहिले प्राणी पाण्यात उतरल्यावरच पुढे यायचं असतं. चांगला गाइड हे पाळतो. गाडी पुढे घ्यायचा आग्रह त्याला करू नये, कारण काठावर गाड्यांची भिंत उभी राहिली की बिचकलेले प्राणी मागे फिरतात.

यानंतर रात्रींची वाटणी. आमचं मत ठाम आहे: सात रात्री असतील तर तीनपेक्षा जास्त उद्यानं घेऊ नयेत. तारांगिरे, लेक मन्यारा, न्गोरोंगोरो, सेरेंगेटी, वर केनियातलं मसाई मारा, अशी यादी कागदावर भरगच्च दिसते. प्रत्यक्षात रोज सकाळी बॅगा बांधून निघावं लागतं, आणि सकाळी सहा ते नऊ ही प्राणी बघायची सर्वांत चांगली वेळ रस्त्यावर जाते. सफारी जिथून निघतात ते आरुशा शहर ते सेरेंगेटीच्या मध्यावरचं सेरोनेरा हे अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. डांबरी रस्ता न्गोरोंगोरोच्या लोडुआरे गेटपाशी संपतो आणि पुढे खडखडाट व धूळ. सात-आठ तास धरावेत. पाठीचं दुखणं असेल तर निदान एका बाजूचा प्रवास छोट्या विमानाने करावा. जाताना गाडीने आणि येताना विमानाने, हा आम्हाला सर्वांत पटलेला मेळ आहे.

मसाई मारा जोडायचा मोह नकाशा बघून होतो, कारण दोन्ही उद्यानं एकमेकांना लागूनच आहेत. पण मधल्या सँड नदीची सीमा पर्यटकांना १९७७ पासून बंद आहे. इसेबानिया-सिरारीच्या चौकीवरून मोठा वळसा घ्यावा लागतो, गाडी आणि गाइड बहुधा सीमेवर बदलतात आणि एक पूर्ण दिवस जातो. शिवाय माराचं प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबरमध्ये परदेशी प्रौढ व्यक्तीला २०० डॉलर आहे, तेही बारा तासांचं. दोन्हींपैकी एकच बाजू निवडून तिथे जास्त राहावं.

शुल्काचा विषय नीट समजून घ्यायला हवा, कारण कोटेशनमधला मोठा वाटा इथे जातो. सेरेंगेटीचं शुल्क हंगामात ७० डॉलर, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ८२.६० डॉलर माणशी. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत मूळ दर ६० डॉलर होतो. न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्राचं शुल्क करासह ७०.८० डॉलर, आणि तिथल्या ज्वालामुखीच्या विवरात उतरायचे एका गाडीचे २९५ डॉलर वेगळे. उद्यानाच्या आत राहिलात तर दर रात्रीचं आणखी एक शुल्क लागतं. टांझानियाचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि दरातले बदलही बहुधा त्याच दिवशी लागू होतात. म्हणून जुलैनंतरची सहल आधीच्या वर्षी ठरवत असाल तर ‘दर वाढल्यास फरक कोण भरणार’ हे लेखी घ्या.

सेरेंगेटीचं तिकीट चोवीस तासांचं असतं आणि घड्याळ गेटवर सुरू होतं. सोमवारी दुपारी एक वाजता नाबी हिल गेटमधून आत गेलात तर तीन दिवसांचं तिकीट गुरुवारी दुपारी एकला संपतं. वाटेत सिंहांचा कळप भेटला म्हणून तीनला पोचलात तर चौथ्या दिवसाचे पैसे द्यावे लागतात. चार जणांचे ३३०.४० डॉलर. गेटवर गाड्यांची रांग असते, तेव्हा शेवटच्या दिवशी अर्धा तास हाताशी ठेवूनच निघावं. दुसरी गोष्ट, आरुशाहून सेरेंगेटीला गाडीने जाताना रस्ता न्गोरोंगोरोच्या हद्दीतून जातो. तिथे थांबणार नसलात तरी शुल्क भरावं लागतं, जाताना आणि परत येतानाही. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकी हीच ओळ गळालेली असते. गेटवर रोख पैसे चालत नाहीत, कार्डाने किंवा कंपनीने आधी भरलेलं असावं लागतं.

कोटेशन हातात आलं की आम्ही काही ठरावीक गोष्टी शोधतो. सगळी शुल्कं करासह आहेत का. विवराच्या गाडीचे पैसे धरले आहेत का. गाडी फक्त आपली आहे की इतरांबरोबर वाटून. गाडी कोणती: उघडणाऱ्या छताची लांब केलेली लँड क्रूझर हवी, छोटी व्हॅन नको. खिडकी प्रत्येकाला मिळणार का, आणि किलोमीटरची मर्यादा आहे का. ही शेवटची अट फार नडते. मर्यादा असेल तर गाइड दुपारनंतर इंधन वाचवू लागतो आणि चाळीस किलोमीटरवर बिबट्या दिसल्याची खबर रेडिओवर आली तरी तिकडे जात नाही. सात आसनांच्या गाडीत सहा जण ठीक बसतात. मोठ्या लेन्सवाले असतील तर चारच. विवराचे २९५ डॉलर सहा जणांत वाटले तर माणशी ४९ पडतात आणि दोघांत १४७.५०, म्हणून चार ते सहा जणांचा गट खर्चाच्या दृष्टीने बरा पडतो.

कंपनी निवडताना टांझानियातल्या सहल कंपनीला लागणारा ‘टाला’ परवाना आहे का ते विचारा आणि त्याची प्रत मागा. टांझानियाच्या टूर ऑपरेटरांची ‘टाटो’ ही संघटना आहे, तिच्या सदस्य यादीत नाव पडताळता येतं. आगाऊ रक्कम साधारण २० ते ३० टक्के असते आणि बाकीची निघण्याच्या महिना-दोन महिने आधी. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच पाठवा. ‘आमचं खातं बदललं आहे’ असा मेल मध्येच आला तर पैसे पाठवण्याआधी फोन करून खात्री करा. मेल हॅक करून खातेक्रमांक बदलण्याची फसवणूक याच टप्प्यावर होते. फेब्रुवारीतलं न्डुटू आणि ऑगस्टमधलं कोगाटेंडे इथे चांगले कॅम्प थोडे आहेत, तेव्हा दहा-बारा महिने आधी ठरवलेलं बरं.

व्हिसाचं काम सोपं आहे, पण खोट्या संकेतस्थळांपासून जपावं लागतं. टांझानियाचा पर्यटक ई-व्हिसा भारतीयांना ५० डॉलरला मिळतो आणि अर्ज थेट इमिग्रेशन खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. शोधात वर दिसणारी बरीच पानं मध्यस्थांची असतात आणि दुप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी टांझानिया सरकारचं ‘जीओ डॉट टीझेड’ आहे ना, ते पाहा. निघण्याच्या महिनाभर आधी अर्ज करावा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. नैरोबीला उतरून नामांगाच्या सीमेवरून गाडीने आरुशाला जाणार असाल तर केनियाची ऑनलाइन प्रवास-परवानगीही लागेल. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ही पद्धत आणली आहे. शंभर डॉलरच्या पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसात केनिया, युगांडा आणि रवांडा येतात, टांझानिया येत नाही. पुढे झांझिबारला जायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथला ४४ डॉलरचा विमा सक्तीचा आहे, तुमचा स्वतःचा विमा असला तरीही.

लसीचं काम मात्र मागे ढकलू नये. यलो फीवरची लस घेण्यामागचं कारण अनेकांना माहीत नसतं. भारतातून थेट टांझानियात उतरताना हे प्रमाणपत्र लागत नाही. ते लागतं परत येताना, कारण केनिया भारताच्या यलो फीवर यादीत आहे (टांझानियाचं नाव सध्याच्या यादीत आहे का ते पाहून घ्या) आणि यादीतल्या देशातून येताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. शिवाय अदिस अबाबासारख्या ठिकाणी विमान बदलताना बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर टांझानियाही ते मागतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, तारखा लवकर भरतात आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं. त्यानंतर ते आयुष्यभर चालतं. दीड-दोन महिने आधी जावं, म्हणजे तारीख हुकली तरी दुसरी मिळते. प्रमाणपत्रावरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच तपासून घ्या, एका आकड्याची चूक विमानतळावर महागात पडते. ही जिवंत लस आहे. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गर्भारपण, कमी झालेली प्रतिकारशक्ती किंवा साठीपुढचं वय असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. इतर जिवंत लशी त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. हिपॅटायटिस ए, टायफॉइड आणि धनुर्वात यांचाही त्याच भेटीत विचार व्हावा.

मलेरियाला लस पुरत नाही, गोळ्या आणि डासांपासून बचाव दोन्ही हवेत. इथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे अंगावर काढण्याचा नव्हे. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची आणि परतल्यावर सात दिवस. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते, उन्हाने कातडी लवकर भाजते आणि लहान मुलांना व गर्भवतींना देत नाहीत. ती घेऊन लगेच आडवं झाल्यास अन्ननलिकेत जळजळ होते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच, मात्र ज्यांना मानसिक आजार किंवा फिट्सचा इतिहास आहे त्यांनी टाळायची. निवड डॉक्टरांची.

त्सेत्से माशीचं वेगळं आहे. ती दिवसा चावते, पातळ कापडातूनही चावते, डासांच्या मलमाला फारशी दाद देत नाही आणि निळ्या-काळ्या रंगाकडे आकर्षित होते. म्हणूनच झाडीच्या भागांत औषध लावलेले निळे-काळे कापडी सापळे टांगलेले दिसतात. तारांगिरे आणि सेरेंगेटीच्या पश्चिमेच्या व उत्तरेच्या झाडीत ती जास्त असते. जीन्स आणि काळे टी-शर्ट घरीच ठेवा. मातकट, खाकी, करडा किंवा फिका हिरवा रंग, थोडं जाड कापड, लांब बाह्या. लष्करी ठिपक्यांचे कपडे मात्र आफ्रिकेत कुठेच नेऊ नयेत, काही देशांत तो गुन्हा आहे.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. न्गोरोंगोरोच्या विवराची कड समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे आणि तळ तिथून सहाशे मीटर खाली. जून ते ऑगस्टमध्ये पहाटे कडेवर दहा अंशांच्या खाली तापमान असतं, आणि उघड्या छताच्या गाडीत वारा लागतो. एक फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट आणि कानटोपी पुरते. नऊ वाजता सगळं काढून टाकावं लागतं, म्हणून एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा थर असलेले बरे. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी. धुळीसाठी नाकावर ओढता येईल असं गळ्यातलं कापड हवं. बूट साधे चालतात, दिवसाचा बहुतेक वेळ गाडीतच जातो.

विवराबद्दल आणखी एक. न्गोइटोकिटोकच्या तळ्याकाठी जेवणासाठी थांबतात. तिथल्या घारी हातातला घास झडप घालून नेतात आणि नखं लागतात. सगळ्यांना सांगून ठेवा, गाडीत बसून खा. शाकाहारी असाल तर तसं प्रत्येक मुक्कामासाठी आधी लेखी कळवा, विशेषतः दुपारच्या डब्यासाठी, कारण त्यात कोंबडीचा तुकडा आणि उकडलेलं अंडं हे नेहमीचं असतं. चपाती आणि शिजवलेल्या घेवड्याच्या बिया टांझानियात सगळीकडे मिळतात, आचाऱ्याला फक्त आदल्या दिवशी माहीत असायला हवं.

सामान छोट्या विमानाच्या हिशोबाने भरावं. मर्यादा साधारण १५ किलोची असते, हातातल्या पिशवीसह, आणि बॅग मऊ हवी, कारण पोटातल्या कप्प्यात कडक सूटकेस बसत नाही. कॅमेरा आणि लेन्स चार किलो, कपडे पाच, औषधं आणि प्रसाधनं दीड, दुर्बीण आणि चार्जर दीड, बॅगेचं स्वतःचं वजन एक-दीड. एवढ्यात दीड-दोन किलो उरतात. कॅम्पांत कपडे धुऊन मिळतात, तेव्हा चार जोड पुरे. प्लास्टिकच्या पिशव्या केनियात २०१७ पासून आणि टांझानियात १ जून २०१९ पासून बंद आहेत, सामान गुंडाळायला कापडी पिशव्या घ्या. ड्रोन परवानगीशिवाय उद्यानात चालत नाही, न नेलेला उत्तम. सॉकेट तीन चौकोनी पिनांचे, २३० व्होल्टचे. भारतीय गोल पिन बसत नाही, अ‍ॅडॉप्टर लागतो.

दुर्बीण प्रत्येकाला वेगळी हवी, यात काटकसर करू नये. एकच दुर्बीण हातोहात फिरेपर्यंत चित्ता गवतात बसलेला असतो. ८×४२ ची घ्यावी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र उजळ राहतं. दहापटीची दुर्बीण हातात जास्त हलते. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरची लेन्स बहुतेक वेळा पुरते. तिपाई गाडीत निरुपयोगी. रिकामी कापडी बीनबॅग न्यावी, आरुशात दोन-तीन किलो तांदूळ घेऊन भरावी आणि छताच्या कडेवर ठेवावी. गाडीत लेन्स बदलू नका, ती धूळ पिठासारखी बारीक असते आणि सेन्सरवर बसते. फोटो काढताना गाइडला इंजिन बंद करायला सांगा आणि गाडीतल्या कोणीही जागा बदलू नये, एवढ्यानेच निम्मे हललेले फोटो वाचतात.

पैशांत डॉलरच्या नव्या, न फाटलेल्या नोटा न्या. जुन्या मालिकेच्या नोटा तिथे नाकारतात, २०१३ नंतरच्या असल्या की अडचण येत नाही. गाइडची बक्षिसी सर्वसाधारणपणे गाडीमागे रोजचे २० ते ५० डॉलर धरतात. ती शेवटच्या दिवशी पाकिटात द्यावी. विम्यात ‘दुर्गम भागातून विमानाने रुग्णालयात हलवणं’ स्पष्ट लिहिलेलं असावं. सेरेंगेटीतून गंभीर रुग्ण बहुधा नैरोबीला न्यावा लागतो आणि ते उड्डाण कोण ठरवतं, कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे छापून गाइडलाही द्यावं. बलूनमध्ये बसणार असाल तर विमा ती सफर वगळतो का तेही पाहा.

पहिल्या संध्याकाळी गाइडशी अर्धा तास बसून बोला. किती वाजता निघायचं, डबा बरोबर घ्यायचा की नाश्त्याला परतायचं, एका प्राण्यापाशी थांबून राहायला आवडतं की जास्त प्राणी बघायचेत, पक्ष्यांची आवड आहे का. हे न सांगितल्यास तो सिंह, हत्ती, गेंडा, म्हैस, बिबट्या या पाचांच्या मागे धावतो, कारण बहुतेकांना तेच हवं असतं. गाडीतल्या जागा रोज बदलायचं पहिल्याच दिवशी ठरवून टाका. वेग उद्यानात ताशी ५० किलोमीटरच्या आत असतो आणि वाट सोडून गवतात गाडी घालायला बंदी आहे. गाइडला तसं करायला सांगू नका, दंड त्याला होतो आणि माळ वर्षानुवर्षं ओरखडलेला राहतो.

परतल्यावर मलेरियाच्या गोळ्या पूर्ण करायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. पुढच्या तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्ताची मलेरिया तपासणी करून घ्या आणि पूर्व आफ्रिकेतून आल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा.